काजळ, डिंक आणि गुंजाल्याच्या पोथ्या

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर आदिलाबाद मागे पडले की गुडीहतनूर लागते. तिथून उटनूरकडे जो रस्ता फुटतो त्यावर इंद्रवेल्ली हे गाव आहे. आज ते तेलंगणात. निझामाच्या काळात हा सारा मुलूख एकच होता. १९५६ साली भाषावार राज्यरचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात आले आणि इंद्रवेल्ली पलीकडे राहिली. सरहद्द कागदावर आखली गेली, पण तिथल्या बाजारात गोंडी, तेलुगू आणि मराठी अजूनही शेजारी शेजारी बसतात. जवळच्या केसलापूरला पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळाची माणसे गोदावरीचे पाणी कित्येक कोस पायी चालत आणतात, आणि त्या पाण्यानेच नागोबाची पूजा होते.

गोव्याच्या वाचकाने या गावाची दखल का घ्यावी? माझ्यापुरते उत्तर शाई हे आहे.

इंद्रवेल्लीहून आणखी पुढे, नारनूर भागात गुंजाला नावाचे गाव आहे. तिथे २००६ साली हैदराबाद विद्यापीठाच्या प्रा. जयधीर तिरुमल राव यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एका वेगळ्याच लिपीत लिहिलेली गोंडी हस्तलिखिते मिळाली. देवनागरी नव्हे, तेलुगूही नव्हे, गोंडीची स्वतःची लिपी. अभ्यासकांनी या हस्तलिखितांचा काळ सुमारे १७५० पर्यंत मागे नेला आहे. ती सांभाळली होती परधानांनी. परधान हे गोंडांचे भाट. किकरी वाजवत गोंडांच्या कुळकथा सांगणारे. आदिलाबादकडच्या परधानांची घरची बोली मराठी, पण कथा सांगायची ती गोंडीत. म्हणजे गोंडांचा इतिहास जपून ठेवणारी माणसे घरात आपली भाषा बोलत होती! ही लिपी वाचता येणारी मोजकी वृद्ध माणसेच तेव्हा उरली होती. अक्षरे शाबूत होती, वाचणारे संपत आले होते.

हे वाचल्यापासून मी एका साध्या प्रश्नामागे लागलो. आपल्याकडची जुनी अक्षरे टिकतात ती कशाच्या जोरावर? कागदाचे, भूर्जपत्राचे आणि ताडपत्राचे गुणगान पुष्कळ झाले आहे. शाईकडे मात्र कोणी बघत नाही.

आपली जुनी काळी शाई म्हणजे मुळात काजळ, डिंक आणि पाणी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, गांधारातल्या खरोष्ठी लिपीच्या भूर्जपत्रांवरही काजळाचीच शाई आहे. कृती ऐकायला सोपी वाटते, पण घरी करून पाहा. तिळाच्या किंवा आपल्या खोबरेल तेलाची पणती लावा, वर तांब्याचे ताट उपडे धरा आणि जमलेली काजळी पाण्यात टाका. ती बुडतच नाही. वर तरंगते, बोटाने ढवळली तर गुठळ्या होतात, आणि ढवळणे थांबले की पुन्हा एकमेकींना बिलगून बसते. अशा पाण्यात बरू बुडवून रेघ ओढली तर राखाडी ओरखडा उमटेल, अक्षर नव्हे.

आता त्याच काजळीत भिजवलेल्या डिंकाचे पाणी थोडे थोडे घालत खलात घोटत राहा. तासाभराने चमत्कार दिसू लागतो. गुठळ्या मोडतात, पाणी एकजीव काळे होते, आणि रात्रभर ठेवले तरी तळाशी गाळ बसत नाही. डिंकाने नेमके काय केले?

काजळीचा मूळ कण अतिशय लहान असतो, साधारण दहा ते पन्नास नॅनोमीटर. आपल्या डोक्याचा केस ऐंशी हजार नॅनोमीटर जाडीचा धरला तर एका केसाच्या रुंदीत असे हजारो कण सहज ओळीने बसतील. हल्ली ज्याला मोठ्या कौतुकाने 'नॅनोकण' म्हणतात तो हाच. आपल्या आज्या तो रोज रात्री समईवर तयार करीत होत्या आणि सकाळी बाळाच्या डोळ्यांत घालीत होत्या. या कार्बनकणाला पाणी मानवत नाही. दोन कण जवळ आले की त्यांच्यात ओढ निर्माण होते. भौतिकशास्त्रात तिला व्हॅन डर वाल्स या डच शास्त्रज्ञाचे नाव आहे. लांबून ती क्षीण असते, पण कण अगदी खेटले की सुटत नाहीत. पाण्याचे रेणू या कणांना सतत धक्के देत असतात, त्यामुळे कण इकडेतिकडे फिरतात, एकमेकांवर आदळतात आणि चिकटतात. गुठळी होते ती अशी.

डिंक हा बहुवारिक, म्हणजे पॉलिमर. साखरेचे रेणू साखळीत गुंफून झालेली लांब, फांद्या फुटलेली दोरीच ती. बाभूळ कुळातल्या झाडांच्या डिंकात, म्हणजे प्रसिद्ध अरबी डिंकात, या साखरेच्या साखळ्यांना थोडेसे प्रथिन जोडलेले असते. प्रथिनाचा भाग काजळाच्या कणाला जाऊन चिकटतो आणि साखरेच्या फांद्या बाहेर पाण्यात पसरतात, कारण त्यांना पाणी आवडते. प्रत्येक कणाभोवती असे झुपकेदार कवच तयार होते. दोन कण जवळ आले की कवचांच्या फांद्या एकमेकांत अडकू लागतात, त्यांची मोकळी हालचाल आखडते, आणि निसर्गाला ही कोंडी परवडत नाही. कण परत दूर सरतात. शिवाय या डिंकात आम्लाचे गट असल्याने फांद्यांवर ऋण विद्युतभार असतो, त्याचाही दुरावा ठेवायला हातभार लागतो. थोडक्यात, डिंक काजळाला विरघळवत नाही. तो कणांना एकमेकांपासून हातभर लांब बसवतो.

इथे प्रमाणाला फार महत्त्व आहे, आणि जुन्या लेखकांचे शहाणपण मला इथेच दिसते. जैन हस्तलिखितांच्या परंपरेत शाईची एक कृती प्रसिद्ध आहे. तिच्यात काजळ आणि बोळ समसमान, डिंक त्याच्या दुप्पट आणि घोटायला माक्याचा रस सांगितला आहे. डिंक इतका का? कारण तो थोडका असेल तर उलटाच परिणाम होतो. कमी पडलेल्या लांब साखळीचे एक टोक एका कणाला आणि दुसरे टोक दुसऱ्या कणाला चिकटते. दोन कणांमध्ये पूल बांधला जातो आणि गुठळ्या अधिकच वेगाने होतात. गढूळ पाणी निवळायला आज पाणीपुरवठा केंद्रांत जी पॉलिमरे वापरतात ती याच गुणासाठी. म्हणजे एकाच जातीचा पदार्थ एका प्रमाणात कण एकत्र आणतो आणि दुसऱ्या प्रमाणात त्यांना वेगळे ठेवतो.

आणखी एक गंमत आहे. कणाला न चिकटणारे पॉलिमर पाण्यात जास्त झाले तरीही कण एकत्र येतात. दोन कणांमधल्या अरुंद फटीत साखळ्या शिरू शकत नाहीत, बाहेरच्या साखळ्या मात्र सर्व बाजूंनी रेटा देत राहतात आणि कण एकमेकांवर ढकलले जातात. हे कोडे १९५४ साली आसाकुरा आणि ऊसावा या दोन जपानी शास्त्रज्ञांनी उलगडले. जत्रेच्या गर्दीत दोन धिप्पाड माणसे जवळ आली आणि मध्ये कोणाला शिरायला जागा उरली नाही की भोवतालची गर्दी त्यांना आणखी चिकटवते. केसलापूरच्या किंवा आपल्या शिरगावच्या जत्रेत ज्याने अंग चोरून वाट काढली आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

शाईच्या या गुपिताचे शास्त्र पाश्चात्त्यांनाही उशिराच कळू लागले. मायकेल फॅरडेने १८५७ साली सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचे लाल पाणी केले तेव्हा त्यात जिलेटिन घातले तर ते बिघडत नाही हे त्याने पाहिले होते. मऊ पदार्थांच्या भौतिकशास्त्राबद्दल १९९१ चे नोबेल मिळालेले पिएर-जिल द जेन सर्वसामान्य श्रोत्यांपुढे बोलताना काजळ आणि अरबी डिंक यांचेच उदाहरण घेत. प्राचीन इजिप्तच्या लेखनिकाला जे हाताने ठाऊक होते ते समजून घ्यायला विज्ञानाला हजारो वर्षे लागली, असा त्यांचा रोख असे.

या कथेचे सर्वांत ताजे प्रकरण कार्बन नळ्यांचे. १९९१ साली जपानच्या सुमिओ इजिमा यांच्या संशोधनामुळे कार्बनच्या नॅनोनळ्या जगाच्या नजरेत भरल्या. त्या पोलादाहून बळकट आणि उत्तम वीजवाहक, पण त्यांचे दुखणे काजळाचेच. पाण्यात टाकल्या की जुड्या बांधून बसतात आणि सुट्या होत नाहीत. २००२ साली इस्राएलच्या बेन गुरियन विद्यापीठातल्या चौघा संशोधकांनी अरबी डिंकाच्या पाण्यात या नळ्या एकेक सुट्या करून दाखवल्या. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक राजदीप बंद्योपाध्याय. ते पुढे पवईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले. डिंकाचे ते पाणी वाळवले आणि पुन्हा भिजवले तरी नळ्या परत सुट्या होतात.

हे वाळवून पुन्हा भिजवणे आपल्याला नवे नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात लेखनक्रियेवर एक अख्खा समास लिहिला आहे. बरू कसा निवडावा, तो कसा तासावा, शाईचा आणि हिंगुळाचा संग्रह कसा करावा, हे सारे त्यात येते. फिरत्या माणसाला शाई सुकवूनच बाळगावी लागते. वाळलेली वडी पाण्यात भिजवली की पुन्हा जिवंत होते. नुसत्या काजळाची वडी भिजवली तर चिखल होईल. वाळतानाही डिंक दोन कणांच्या मध्ये आपली जागा धरून बसतो, म्हणून पाणी मिळताच कण परत सुटे होतात.

पण याच गुणात या शाईची दुर्बलताही आहे. जे पाण्याने जिवंत होते ते पाण्याने पुसलेही जाते. पंडित गौरीशंकर हीराचंद ओझा यांनी भारतीय लिप्यांवरच्या आपल्या ग्रंथात पक्की शाई आणि कच्ची शाई असा भेद नोंदवला आहे. पोथ्या लिहायच्या त्या पक्क्या शाईने, व्यापाऱ्यांच्या वह्या कच्च्या शाईने. कच्च्या शाईत डिंक. पक्क्या शाईत लाख. लाख साध्या पाण्यात विरघळत नाही, पण टाकणखार घालून उकळलेल्या पाण्यात विरघळते. त्यात काजळ घोटायचे. एकदा कागदावर वाळली की मग साध्या पाण्याला ती दाद देत नाही. धावडा, कांडोळ आणि लाखेचे किडे पोसणारा पळस, ही सगळी मंडळी इंद्रवेल्ली-उटनूरच्या रानात आहेत. कांडोळाचा डिंक पाण्यात नुसता फुगतो, धावड्याचा बराचसा विरघळतो. धावड्याच्या डिंकाला इंग्रज 'घाटी' म्हणू लागले, कारण तो घाट उतरून बंदरावर येई. तिथले आदिवासी आजही डिंक गोळा करून गिरिजन सहकारी महामंडळाला विकतात. औषधाच्या गोळ्यांपासून मिठाईपर्यंत तो कुठे कुठे जातो. आपल्या डिंकाच्या लाडवांतला डिंक कुठल्या रानातून आला याचा विचार आपण लाडू खाताना करीत नाही.

आता गोव्याकडे येऊ. पणजीच्या पुराभिलेखागाराची परंपरा थेट १५९५ पर्यंत जाते. दियोगु दु कोतु हा त्याचा पहिला रखवालदार. तिथे पोर्तुगीज दप्तराच्या हजारो बांधण्या आहेत आणि मोडी कागदही आहेत. पोर्तुगीज लेखनिकांची शाई वेगळ्या जातीची होती. मायफळासारख्या तुरट गाठींचा काढा आणि हिराकस यांची ती शाई. लिहिताना फिकट, मग हवेने हळूहळू काळी होणारी. ती कागदाच्या तंतूंत मुरते, म्हणून पाण्याने सहज जात नाही. युरोपात तिला मान होता तो यासाठी. पण तिच्यात आम्ल असते आणि सुटे लोह असते, आणि दोन्ही मिळून कागद खातात. आपल्या दमट हवेत हे काम जोरात चालते. अशा कागदावर अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराचे भोक पडते. मजकूर आपला कागद खाऊन स्वतः नाहीसा होतो! काजळाची शाई कागदाला काहीच करीत नाही. कार्बन उन्हाने उडत नाही, त्याला कीड लागत नाही, हवेशी त्याचे देणेघेणे नाही. वरवर बसलेली ती शाई तीनशे वर्षांनीही कालची वाटते. पाणी लागू दिले नाही तर.

तेव्हा एक शाई पाण्याला पुरून उरते पण काळाला हरते, दुसरी काळाला पुरून उरते पण पाण्याला हरते. १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईच्या पुड्या आणि टिकल्या विकायला सुरुवात केली आणि त्यातून पुढे कॅम्लिन उभी राहिली. आपण शाळेत वापरली ती फाउंटनपेनची शाई तिसऱ्याच प्रकारची. तिच्यात कण नसतातच, पाण्यात विरघळलेला रंग असतो. काजळाची शाई पेनच्या बारीक नळीत वाळली तर ती बुजवून टाकील. आणि आता संगणकाच्या छपाईयंत्रातल्या चांगल्या काळ्या शाईत कार्बनचे सूक्ष्म कण पुन्हा आले आहेत, जोडीला नव्या धाटणीचे पॉलिमर. लिथियमच्या बॅटरीचे पत्रे तयार करतानाही काजळासारखा कार्बन आणि पॉलिमर एकत्र घोटून लेप करतात. खलबत्ता मोठा झाला, इतकेच.

पण मला इंद्रवेल्लीची ओढ लागली ती केवळ रसायनामुळे नव्हे. त्या मुलखात शाईचा अर्थ जमीन असा होतो. जमीन कसणारा गोंड आणि कागदावर नाव असणारा मालक ही वेगवेगळी माणसे होती. कुमराम भीम १९४० साली जोडेघाटला निझामाच्या पोलिसांकडून मारला गेला तो याच झगड्यात. त्यानंतर निझाम सरकारने ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला तिथे नेमले. त्याने गोंडांना जमिनीचे पट्टे मिळावेत म्हणून खटपट केली, १९४३ साली मारलवाईला शिक्षक तयार करणारे केंद्र काढले, आणि तिथे गोंडी भाषेचे धडे देवनागरीत शिकवले गेले. त्याच मुलखात परधानांच्या घरी गोंडीची स्वतःची लिपी निजून होती. नागोबाच्या जत्रेतला दरबार हीसुद्धा त्याचीच देणगी. आदिवासींनी गाऱ्हाणी मांडायची आणि सरकारी अधिकाऱ्यांनी ती ऐकायची.

आणि तरीही २० एप्रिल १९८१ आला. सोमवार होता, इंद्रवेल्लीच्या आठवडी बाजाराचा दिवस. जमिनीच्या आणि मजुरीच्या मागण्यांसाठी गिरिजन रयतु कुली संघमची सभा ठरली होती, तिची परवानगी नाकारली गेली होती, आणि तरीही गावोगावचे गोंड येत होते. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी कागदावर मृतांचा आकडा १३ आहे. लोक सांगतात तो याच्या कित्येक पट आहे. तिथे आज हुतात्म्यांचा स्तूप उभा आहे. कागदावर १३ लिहायला कोणती शाई वापरली होती हे महत्त्वाचे नाही. उत्तम शाईने लिहिलेला आकडाही उत्तमच टिकतो, मग तो खरा असो वा नसो. म्हणूनच माणसांना आपली लिपी, आपली वही आणि आपला लेखनिक लागतो.

हे आपल्याला, गोवेकरांना, नवे नाही. आपल्या गावकऱ्यांचे हक्क १५२६ साली आफोंसु मेशियाच्या फोरालात नोंदले गेले, आणि त्यानंतर किती घराण्यांचे भाग्य तोंबातल्या एका ओळीवर ठरले! वाचता येणाऱ्याने ती ओळ वाचली, न येणाऱ्याने ऐकून घेतली. आज मोडी वाचणारे गोव्यात किती उरलेत? गुंजाल्यातली स्थिती आणि आपली स्थिती यांत फार अंतर नाही.

गुंजाल्याच्या लिपीचे मात्र नशीब पालटले. गावात ती मुलांना शिकवली जाऊ लागली, वाचनपाठ छापले गेले, आणि २०१८ साली युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत तिला जागा मिळाली. आता ती अक्षरे फोनच्या पडद्यावर उमटतात, काजळाशिवाय आणि डिंकाशिवाय.

जाता जाता एक कामाची गोष्ट. आपल्यापैकी पुष्कळांच्या माडीवर, देवघराच्या कपाटात, जुन्या पेटाऱ्यात मोडी कागदांची रुमालात बांधलेली पुडकी अजून आहेत. ती उघडाल तेव्हा ओल्या फडक्याने पुसू नका. धूळ झटकायची तर कोरड्या मऊ ब्रशने हलक्या हाताने. घराण्याच्या हिशेबाच्या वह्या बहुधा कच्च्या शाईच्या, आणि कच्च्या शाईतला डिंक इतक्या वर्षांनीही पाण्याची वाट पाहत असतो. पाण्याचा थेंब लागला की तो सैल पडेल, काजळ सुटे होईल आणि आजोबांच्या आजोबांचे अक्षर तुमच्या फडक्यावर येईल. चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये बंद करून घेऊ नका. पावसाळ्याआधी कोरड्या जागी हलवा, आणि मोडी येणारा कोणी भेटला तर त्याला घरी जेवायला बोलवा. शाईने आपले काम चोख केले आहे. वाचण्याचे काम आपल्याकडे आहे.